78 बाळं आणि हरवलेला छेद

1941 च्या सुरुवातीला सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वजन कमी, दूध पाजताना हाल, आणि अनेकांच्या हृदयातही दोष. आनुवंशिक म्हणावं, तर इतक्या वेगवेगळ्या घरांत एकाच वर्षी कसं?

ग्रेग यांनी जन्मतारखांवरून मागे मोजलं. गरोदरपणाचे पहिले महिने 1940 मधल्या रुबेलाच्या, म्हणजे जर्मन गोवराच्या, मोठ्या साथीवर येऊन पडत होते. वेटिंग रूममधल्या आयांच्या गप्पा कानावर पडल्या आणि उलगडा झाला, अशीही एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण मला ते तारखा मोजणं जास्त मोलाचं वाटतं. मग त्यांनी इतर डॉक्टरांकडूनही केसेस मागवल्या. 78 बाळं जमली. त्यातल्या 68 जणांच्या आयांना गरोदरपणात रुबेला झालेला होता. ऑक्टोबर 1941 मध्ये मेलबर्नला त्यांनी हा पेपर वाचला.

रुबेला म्हणजे तीन दिवस अंगावर पुरळ, थोडा ताप, बस. एवढ्याशा आजाराने पोटातल्या बाळाचा डोळा जातो, हे अनेकांना पटेना. 1944 मध्ये ‘लॅन्सेट’नेही हे सिद्ध झालेलं नाही असंच म्हटलं. यावर हसू नका. ग्रेग यांनी सुरुवातच आजारी बाळांपासून केली होती. रुबेला होऊनही ज्यांची बाळं ठणठणीत जन्मली, त्या बायका डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला येतील? थोडक्यात, हातात अंश होता, छेद नव्हता.

दुवा खरा आहे याचा एक भक्कम पुरावा भलत्याच ठिकाणी सापडला. संख्याशास्त्रज्ञ ऑलिव्हर लँकेस्टर यांनी ऑस्ट्रेलियाची जुनी जनगणना उघडली. 1911 च्या जनगणनेत मूकबधिरांची संख्या 10 ते 14 वयोगटात फुगलेली होती, आणि 1921 मध्ये तोच फुगवटा 20 ते 24 मध्ये सरकलेला. म्हणजे 1899 च्या आसपास जन्मलेली एक पूर्ण पिढी. त्या काळात रुबेलाची साथ होऊन गेली होती. हा पेपर 1951 चा. डेटा चाळीस वर्षं तिथेच पडून होता, प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं!

पण ‘धोका किती?’ हा प्रश्न उरलाच, आणि तो नुसता आकडेमोडीचा नव्हता. पुरळ उठलेली गरोदर बाई डॉक्टरसमोर बसून विचारते, मूल ठेवू की नको? ॲडलेडच्या चार्ल्स स्वान यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांतून पहिल्या दोन महिन्यांसाठी उत्तर आलं, जवळपास 100 टक्के. काही डॉक्टर यावरून गर्भपाताचा सल्ला देऊ लागले. पुढे ब्रिटनमध्ये आधी गरोदर बायका नोंदवून मग त्यांच्या बाळांकडे बघणारे अभ्यास झाले, तेव्हा पहिल्या तिमाहीचा आकडा एकदम 15-20 टक्क्यांच्या आसपास उतरला. छेद मिळाला होता ना, मग विषय संपला?

नाही. पुरळ बघून रुबेला ओळखणं बेभरवशाचं आहे. दुसऱ्या विषाणूंनीही तसंच पुरळ येतं. या छेदात रुबेला नसलेल्या बायकाही घुसल्या होत्या, आणि त्यामुळे धोका कमी दिसत होता. 1962 मध्ये विषाणू प्रयोगशाळेत वाढवता आला आणि पुढे रक्तातल्या अँटीबॉडी तपासणं शक्य झालं. तपासणीने खात्री केलेल्या गरोदर बायकांवरचा एलिझाबेथ मिलर यांचा अभ्यास 1982 चा. पहिल्या 12 आठवड्यांत आईला पुरळासह रुबेला झाला, तर 80 टक्क्यांहून जास्त बाळांपर्यंत विषाणू पोचत होता. अकराव्या आठवड्याच्या आत संसर्ग झालेल्या सगळ्या बाळांत दोष सापडले.

म्हणजे आकडा 100 वरून 15 वर आला आणि परत वर चढला. विषाणू तोच होता. बदलत होती ती ‘केस’ची व्याख्या. तुमच्या प्रपोजलमध्ये ती व्याख्या एका ओळीत उरकलेली असेल, तर तिथे पुन्हा जा.

लस 1969 पासून आहे. ती जिवंत विषाणूची, त्यामुळे गरोदर बाईला देत नाहीत. आजूबाजूच्यांना आधीच द्यावी लागते. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा 9 महिने ते 15 वर्षांच्या मुलींबरोबर मुलग्यांनाही ती दिली, ती याचसाठी.