मुलांनीच बसवलेलं न्यायालय

आम्ही पवईच्या वस्तीत बचत गटांचं काम बघतो. आज बोलायचं आहे शाळेतल्या शिक्षेबद्दल.

वर्गात मारामारी झाली, कुणाचं पेन गेलं, की शाळा सांगते, "आठ दिवस येऊ नकोस." आई-बाप कामावर जातात. मुलगा रस्त्यावर फिरतो, मुलगी धाकट्याला सांभाळत घरी राहते. अभ्यास मागे पडतो, परत जायची लाज वाटते. आणि ज्याचं पेन गेलं, त्याला ते मिळत नाही ते नाहीच.

याहून वेगळी रीत शंभर वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी घालून दिली. यानुश कोर्चाक त्यांचं नाव, देश पोलंड. दुसऱ्या महायुद्धात याच देशातल्या निर्वासित बायका-मुलांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आसरा मिळाला होता. 1912 साली वॉर्सा शहरात कोर्चाकांच्या देखरेखीखाली ज्यू मुलांचा अनाथाश्रम सुरू झाला. तिथं त्यांनी मुलांचंच न्यायालय बसवलं. ज्याची तक्रार असेल त्यानं ती फळ्यावर मांडायची. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. शिक्षकानं जबान्या लिहून घ्यायच्या, निकाल मुलांनी द्यायचा.

त्यांच्या नियमांतली पहिली 99 कलमं सोडून देण्याची आणि माफ करण्याची होती. दोष ठरवणं 100 व्या कलमापासून सुरू होई. आश्रमातून काढून टाकायचं कलम सगळ्यात शेवटचं, 1000 वं. काढलेल्या मुलालाही तीन महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करता येई. मोठी माणसंही या न्यायालयातून सुटली नाहीत. एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून खुद्द कोर्चाक मुलांपुढे उभे राहिले. 1942 साली नाझींनी आश्रमातल्या सुमारे 200 मुलांना मृत्यूछावणीत नेलं, तेव्हा कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत.

आपल्याकडे 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम पुढे आली. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवींनी ती चालवली. सफाई, स्वयंपाक, सूतकताई ही कामं मुलं करत, त्यांचे प्रमुख आपणच निवडत आणि सगळ्यांच्या सभेत हिशेब देत. ती सभा होती, न्यायालय नव्हतं. पण आपल्या वागण्याचा जाब आपल्या बरोबरीच्यांना द्यायचा, हा धडा तोच.

ही रीत आपल्याला परकी नाही. गटात एखादीचा हप्ता थकला, तर आपण तिला लगेच काढत नाही. गोल करून बसतो, कारण विचारतो, हप्ता पाडून देतो, दंड लावायचा तर सगळ्यांच्या संमतीनं लावतो. ती गटात राहते, म्हणून पैसेही परत येतात. शाळेतल्या मुलाचंही तसंच आहे. ज्याचं नुकसान झालं त्यानं बोलावं, ज्यानं केलं त्यानं ऐकावं आणि भरपाई कशी करायची ते वर्गानं मिळून ठरवावं.

कायदा आपल्या बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. कलम 17 नं मारहाण आणि मानसिक छळाला मनाई केली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. लैंगिक अत्याचार, गंभीर इजा असली प्रकरणं मुलांच्या सभेत कधीच न्यायची नाहीत. तिथं 1098 वर फोन करायचा, पोलिसांना कळवायचं.

बाकी पेन, शिवीगाळ, ढकलाढकली यासाठी समितीच्या पुढच्या बैठकीत विषय मांडा: मुलाला घरी पाठवण्याआधी वर्गाची सभा होईल का? उत्तर काहीही येवो, ते इतिवृत्तात लिहून घ्या.