समुद्र संपत नाही, असं आपण का मानलं?

आपल्याकडे समुद्राला रत्नाकर म्हणतात, अथांग म्हणतात. दोन्ही शब्दांत एकच समजूत आहे : घ्या किती घ्यायचं ते, त्याला कमी पडणार नाही. ही समजूत कवितेपुरती राहिली असती तर आपली काही तक्रार नव्हती. पण ती एका कायद्याच्या पायात जाऊन बसली आणि त्या कायद्याच्या छायेत आपण चारशे वर्षं राहत आलो. आज त्या पायाची थोडी उकराउकर करू.

१६०३ साली याकोब व्हान हेम्सकर्क या डच कप्तानाने सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. त्यातल्या मालाचा ॲम्स्टरडॅममध्ये लिलाव झाला, तीस लाखांहून अधिक गिल्डर आले. आता ही लूट की चाचेगिरी, हा प्रश्न उभा राहिला. काही भागधारकांचंच मन खाऊ लागलं. मग डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने बाजू मांडायचं काम आलं ह्यूगो ग्रोशियस या जेमतेम विशीतल्या वकिलाकडे. त्याने एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातलं एकच प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने छापलं गेलं, तेही लेखकाचं नाव न घालता.

त्याचा रोख होता पोर्तुगीजांवर. ते काय करत होते, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याशिवाय अरबी समुद्रात व्यापारी जहाज हाकारायची सोय नव्हती. मक्केला जाणाऱ्या मुघल जहाजांनाही तो घ्यावा लागे. बरं, पुढे आपल्या आंग्र्यांनी काय केलं? त्यांनीही दस्तकं दिली आणि दस्तक नसेल तर जहाज पकडलं. तेव्हा सोज्वळपणाचा आव आणायला आपल्यालाही फारशी जागा नाही.

ग्रोशियसचा युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. एक, समुद्र हवेसारखा आहे, त्याला कुंपण घालता येत नाही. दोन, तो वापरून संपत नाही. पुष्कळ माणसं शिकारीला लागली तर रान ओस पडेल, नदीतले मासे आटतील, पण समुद्राच्या बाबतीत तसं होणंच शक्य नाही, असं तो म्हणतो. म्हणून समुद्र सर्वांचा, म्हणजेच कोणाचाही नाही.

पहिल्या पायावर लगेच घाव पडले. इंग्लंडच्या जॉन सेल्डनने १६३५ मध्ये ‘मारे क्लाउसुम’, म्हणजे ‘बंद समुद्र’, लिहून उत्तर दिलं आणि तो वाद इतिहासाच्या पुस्तकांत गाजला. दुसऱ्या पायावरचा घाव मात्र आपण विसरलो. विल्यम वेलवुड या स्कॉटिश कायदेपंडिताने १६१३ मध्येच तक्रार केली होती की, आमच्या किनाऱ्याजवळचे माशांचे थवे परक्यांच्या मासेमारीने पांगले आहेत, विरळ होत चालले आहेत. म्हणजे ‘संपत नाही’ हे विधान छापून पाच वर्षंही झाली नव्हती, तोवर किनाऱ्यावरून उलटा पुरावा आला होता!

तो कोणी ऐकला नाही. १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टी. एच. हक्सली यांनी सांगितलं की, कॉड, हेरिंग, मॅकरेल यांची मोठी मासेमारी बहुधा कधी संपणार नाही. त्यांच्यावर अन्याय नको : ‘सध्याच्या मासेमारीच्या पद्धती पाहता’ अशी अट त्यांनी घातली होती. आपण विधान पाठ केलं आणि अट गाळली. आम्ही तर्कशास्त्र शिकवत असू तेव्हा विद्यार्थी नेमकी हीच चूक करीत आणि आम्ही त्यांचे गुण कापत असू.

पद्धती बदलल्या. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ शतकानुशतकं कॉड पकडला जात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मासे जहाजावरच साफ करून गोठवणारे अवाढव्य ट्रॉलर आले. १९६८ मध्ये तिथली कॉडची पकड आठ लाख टनांच्या घरात गेली आणि मग कोसळत गेली. १९७७ मध्ये कॅनडाने दोनशे सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं. सेल्डन खूश झाला असता. पण मग कॅनडाचेच ट्रॉलर वाढले. मासा कमी होतोय, बारीक होतोय, असं छोट्या होडीवाले सांगत राहिले. सरकारी हिशेबात तो भरपूर होता. २ जुलै १९९२ रोजी मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे तीस हजार माणसं एका फटक्यात बेकार झाली. समुद्र मुक्त ठेवून मासा वाचला नव्हता, आणि बंद करूनही वाचला नाही.

इथे कोणी म्हणेल, आपल्या कोळ्यांची रीत चांगली होती : पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या, नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच समुद्रात लोटायच्या. रीत चांगलीच. पण जरा प्रामाणिकपणे पाहू. खवळलेल्या समुद्रात शिडाची होडी जाऊच शकत नव्हती. ती मर्यादा समुद्राने घातलेली होती, आपण तिला सणाचं रूप दिलं. इंजिन आल्यावर समुद्र अडवेनासा झाला, आणि महाराष्ट्राला १९८१ मध्ये मासेमारी नियमनाचा कायदा करावा लागला.

ग्रोशियस आणि सेल्डन दोघांनाही बाजूला सारणारा विचार १९६७ मध्ये आला. १ नोव्हेंबरला माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत काही तास बोलले. राष्ट्रांच्या हद्दींपलीकडचा समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा आहे, असं त्यांचं म्हणणं. वारसा हा शब्द नीट ऐका. मालकाला वस्तू मोडायचाही हक्क असतो. वारसदाराला ती पुढे द्यायची असते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व आलं, पण तळाच्या खनिजांपुरतं. वरचं पाणी आणि त्यातला मासा ग्रोशियसकडेच राहिला.

२०२३ मध्ये खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीसाठी नवा करार झाला. त्याचं सातवं कलम सवडीने वाचा. मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत ‘मानवजातीचा सामायिक वारसा’ आहे आणि लगेच त्याच्या खाली ‘खुल्या समुद्राचं स्वातंत्र्य’ही आहे. पार्दो आणि ग्रोशियस एका बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलेत. दोघांचं भांडण होईल तेव्हा कोणाचं ऐकायचं, हे ते कलम सांगत नाही.

समुद्रतळावरच्या खाणींबद्दल तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. आता त्या घेऊ.