कंडक्टर शिवाजीराव गायकवाड

एक्सप्रेस वे होण्याआधी मुंबईहून मद्रासला जाणारा चार नंबरचा हायवे आमच्या खोपोलीतूनच बोरघाट चढायचा. तमिळनाडूच्या लॉऱ्या घाटाआधी थांबत, ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी भरत. कित्येक लॉऱ्यांच्या काचेवर देवाशेजारी रजनीकांतचा फोटो असे. मी एस.टी.त कंडक्टर, कर्जत डेपोचा. या माणसानंही आपल्यासारखीच चामड्याची बॅग खांद्याला लावली होती हे कळलं, आणि मी त्याचे सिनेमे शोधून पाहू लागलो.

रजनीकांतचं खरं नाव शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूर. घर मराठी, वडील रामोजीराव पोलिसात, मूळ गाव पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार. बंगळूरच्या सिटी बसमध्ये त्याची तिकीट देण्याची लकब पाहण्यासारखी होती म्हणतात. मला ते पटतं. त्या काळी भरलेल्या गाडीत डाव्या तळव्यावर तिकिटांचा ट्रे, त्याच हाताच्या बोटांत उभ्या घडीच्या नोटा, उजव्या हातात पंच. वळणावर धरायला हात उरतच नसे, कंबर सीटला टेकवून उभं राहायचं. पंचानं दांडीवर टकटक केलं की लोक न सांगता पैसे काढत. पुढे पडद्यावर तो सिगारेट उडवून ओठांत झेलतो, गॉगल फिरवतो, तेव्हा मला ती कंडक्टरची बोटंच दिसतात.

त्याच्या गाडीचा ड्रायव्हर राज बहादूर. नाटकात काम करणाऱ्या या पोराला सिनेमाकडे ढकललं ते त्यानं. १९७३ मध्ये शिवाजीराव मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला. २५ ऑक्टोबर २०२१ ला दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार घेताना त्यानं गुरू के. बालचंदर आणि थोरल्या भावाबरोबर या ड्रायव्हरचंही नाव घेतलं. ड्रायव्हर-कंडक्टरची जोडी काय असते ते आम्हालाच माहीत. माझे डोळे भरून आले.

दिग्दर्शक बालचंदरनी त्याला १९७५ च्या ‘अपूर्व रागंगळ’मध्ये छोटी भूमिका दिली, आणि नाव बदलून रजनीकांत केलं. कारण तमिळ सिनेमात एक शिवाजी आधीच होता! व्ही. सी. गणेशन या नटानं अण्णादुराईंच्या नाटकात आपल्या शिवाजी महाराजांची भूमिका अशी वठवली होती की पेरियारांनी त्याला शिवाजी गणेशन केलं. म्हणजे महाराजांच्या भूमिकेवरून तमिळ नट शिवाजी झाला आणि त्यापायी मराठी घरातल्या शिवाजीला स्वतःचं नाव बाजूला ठेवावं लागलं. पुढे १९९९ च्या ‘पडयप्पा’त दोघे बापलेक झाले.

सुरुवातीला खलनायकीच जास्त. माझा जीव जडला तो १९७८ च्या ‘मुळ्ळुम मलरुम’वर. दिग्दर्शक महेंद्रन. त्यात रजनी डोंगरातल्या वीज प्रकल्पावर विंच चालवणारा काळी आहे. तापट, बहिणीवर जीव टाकणारा, साहेबापुढे न वाकणारा. अपघातात त्याचा एक हात जातो. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ पासून चालू आहे, घाटावरून उतरणारे त्याचे जाडजूड पाइप बघतच आम्ही वाढलो. त्यामुळे काळी मला परका वाटलाच नाही.  शेवटी बहीण आपल्यालाच निवडते तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. हा माणूस केवळ स्टाइलवर मोठा झाला म्हणणाऱ्यांनी हा सिनेमा पाहिलेला नसतो.

मग ‘बिल्ला’, ‘बाशा’, जपानात गाजलेला ‘मुत्तू’. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

‘तो आपला मराठी’ असं आमच्याकडे छाती फुगवून सांगतात. जन्मानं आहेच. पण तमिळ तो मोठेपणी, बालचंदरांच्या सांगण्यावरून शिकला आणि त्या भाषेच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ते श्रेय त्याच्या कष्टाचं आणि त्या लोकांचं आहे. पा. रंजित यांच्या ‘काला’त (२०१८) तो धारावीतल्या तमिळ वस्तीचा पुढारी आहे आणि जमीन बळकावू पाहणारा नेता झालाय नाना पाटेकर, आमच्याच रायगडातला, मुरूडचा. नानाचा जन्म १ जानेवारी १९५१ चा, म्हणजे रजनीपेक्षा अवघ्या वीस दिवसांनी धाकटा. नाना पांढऱ्या कपड्यांत, रजनी काळ्या. जिल्ह्याचा माणूस समोर असूनही मी पहिल्यापासून धारावीच्या बाजूनं होतो.