अ‍ॅक्वामॅन : चित्रकथेतील उभयचर नायकाचा पडद्यावरील प्रवास

जमिनीवर आणि पाण्याखाली सारख्याच सहजतेने वावरणारा अ‍ॅक्वामॅन हा अमेरिकी चित्रकथांमधील नायक १९४१ साली वाचकांसमोर आला. सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. म्हणजेच हा नायक त्यांच्याच पिढीतील होय. तथापि त्या दोघांना लाभलेली प्रतिष्ठा अ‍ॅक्वामॅनच्या वाट्यास येण्यास सुमारे पाऊणशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात तो बव्हंशी थट्टेचाच विषय राहिला. या उपेक्षेची कारणे त्याच्या कथेत कमी आणि ती कथा दाखविणाऱ्या पडद्याच्या मर्यादांमध्ये अधिक आढळतात.

जन्म आणि जन्मकथा

लेखक मॉर्ट वायझिंगर आणि चित्रकार पॉल नॉरिस हे अ‍ॅक्वामॅनचे निर्माते. 'मोअर फन कॉमिक्स' या मासिकाच्या नोव्हेंबर १९४१ च्या ७३ व्या अंकात तो प्रथम अवतरला. युरोपात दुसरे महायुद्ध पेटलेले होते आणि त्याच्या पहिल्याच कथेत जर्मन पाणबुडीशी त्याचा सामना झाला. उल्लेखनीय बाब म्हणजे 'ग्रीन अ‍ॅरो' या दुसऱ्या नायकाचा जन्मही याच अंकातला.

समुद्राशी नाते असलेला हा पहिलाच नायक मात्र नव्हता. आज मार्व्हल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिस्पर्धी संस्थेचा नेमॉर १९३९ मध्येच आला होता. नेमॉर तापट व मानवजातीविषयी रोष बाळगणारा, तर अ‍ॅक्वामॅन शांत आणि साहाय्यास धावून जाणारा, असा या दोघांच्या स्वभावांत भेद होता.

प्रारंभीच्या कथेनुसार अ‍ॅक्वामॅन हा एका सागर-संशोधकाचा पुत्र होता आणि पाण्याखाली जगण्याची विद्या त्यास वडिलांनी शिकविली होती. १९५९ मध्ये लेखक रॉबर्ट बर्नस्टीन आणि चित्रकर्त्री रमोना फ्रेडन यांनी ही कथा बदलली. नव्या कथेत त्याचे नाव आर्थर करी असे ठरले. त्याचे वडील टॉम करी हे दीपगृहाचे रखवालदार आणि आई अ‍ॅटलाना ही समुद्रतळी वसलेल्या अटलांटिस नगरीतून बहिष्कृत झालेली स्त्री. पुढे पडद्यावर यशस्वी ठरलेल्या कथेचे बीज येथेच आहे. दोन जगांचा वारस असलेला, परंतु त्यांपैकी एकाही जगास पूर्णतः आपला न वाटणारा मनुष्य, हे या पात्राचे खरे स्वरूप होय. त्या काळी या क्षेत्रात स्त्री-चित्रकार अत्यंत विरळ असत. त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडन यांचे २०२४ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी निधन झाले.

१९६० मध्ये 'जस्टिस लीग ऑफ अमेरिका' या नायकसंघाच्या संस्थापक सदस्यांत अ‍ॅक्वामॅनचा समावेश झाला आणि १९६२ पासून त्याच्या नावाचे स्वतंत्र मासिक निघू लागले. १९६३ मध्ये मेरा हे पात्र आले आणि पुढच्याच वर्षी चित्रकथेत दोघांचा विवाह झाला. सावत्र भाऊ ऑर्म १९६६ मध्ये, तर ब्लॅक मँटा हा कट्टर शत्रू १९६७ मध्ये दाखल झाला.

छोटा पडदा आणि थट्टा

पडद्यावर अ‍ॅक्वामॅन सर्वप्रथम १९६७ मध्ये दिसला. फिल्मेशन या संस्थेने सीबीएस वाहिनीसाठी सुपरमॅन व अ‍ॅक्वामॅन यांची संयुक्त अ‍ॅनिमेशन मालिका तयार केली. तीत समुद्री घोड्यावर स्वार होणारा आणि जलचरांना मनोबलाने पाचारण करणारा हा नायक मुलांना आवडला.

त्याची प्रतिमा खऱ्या अर्थाने घडविली, आणि बिघडविली, ती १९७३ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'सुपर फ्रेंड्स' या मालिकेने. हॅना-बार्बेरा संस्थेच्या या मालिकेत सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन यांच्यासह अ‍ॅक्वामॅन होता. बालप्रेक्षकांसाठीच्या कार्यक्रमांतील हिंसेवर त्या काळी कडक निर्बंध असल्याने नायकांना मारामारी करता येत नसे. सुपरमॅनला आकाश होते, बॅटमॅनला उपकरणे होती. अ‍ॅक्वामॅनला मात्र काही काम मिळावे म्हणून कथेत कोठून तरी पाणी आणावे लागे. 'माशांशी बोलणारा नायक' हे त्याचे उपहासात्मक वर्णन अनेक वर्षे टिकले.

ही प्रतिमा पुसण्याचे प्रयत्न चित्रकथाकारांनीही केले. १९९४ मध्ये लेखक पीटर डेव्हिड यांच्या मालिकेत नायकाचा एक हात गेला आणि त्या जागी लोखंडी आकडा आला. २०११ मध्ये जेफ जॉन्स यांनी तर थट्टेलाच कथेत स्थान दिले. त्यांच्या पहिल्या अंकात उपाहारगृहात जेवावयास आलेल्या नायकास लोक तोंडावर टोमणे मारतात आणि तो ते ऐकून घेतो.

हुकलेली संधी

२००५ मध्ये 'स्मॉलव्हिल' या मालिकेत अ‍ॅलन रिचसन यांनी आर्थर करीची भूमिका केली. समुद्री जीवांस घातक ठरणाऱ्या एका पाण्याखालील शस्त्राविरुद्ध तो उभा राहतो, असे त्यातील कथानक होते. या भागाच्या यशानंतर त्याच मालिकेचे निर्माते आल्फ्रेड गॉफ व माइल्स मिलर यांनी अ‍ॅक्वामॅनवर स्वतंत्र मालिका योजिली. जस्टिन हार्टली यांना घेऊन तिचा पहिला भाग चित्रितही झाला. परंतु २००६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या सीडब्ल्यू वाहिनीने ती स्वीकारली नाही. तो एकमेव भाग त्याच वर्षी इंटरनेटद्वारे विक्रीस ठेवण्यात आला. हार्टली पुढे 'स्मॉलव्हिल'मध्येच ग्रीन अ‍ॅरो झाले. १९४१ च्या एकाच अंकात जन्मलेले दोन्ही नायक अशा रीतीने एकाच अभिनेत्याच्या वाट्यास आले.

मोठा पडदा

जेसन मोमोआ यांनी साकारलेला अ‍ॅक्वामॅन २०१६ मध्ये 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन' या चित्रपटात काही क्षणांपुरता आणि २०१७ मध्ये 'जस्टिस लीग'मध्ये प्रमुख पात्रांपैकी एक म्हणून दिसला. मूळ चित्रकथेतील नायक गोरा आणि सोनेरी केसांचा आहे. मोमोआ यांचे पितृकुल मात्र हवाई बेटांतील मूळ रहिवाशांचे आहे आणि पित्याच्या भूमिकेसाठी निवडलेले टेमुएरा मॉरिसन हे न्यूझीलंडमधील माओरी अभिनेते आहेत. दोन जगांमध्ये विभागलेल्या पुत्राच्या कथेस या निवडीमुळे वास्तवाचा आधार लाभला.

पाण्याखाली पात्रांनी बोलावे कसे, ही जुनी अडचण होती. 'जस्टिस लीग'मध्ये त्यासाठी पाण्यात हवेची पोकळी निर्माण होताना दाखवावी लागली. जेम्स वान यांनी २०१८ च्या 'अ‍ॅक्वामॅन'मध्ये पात्रांना थेट पाण्यातच बोलते केले. त्यासाठी अभिनेत्यांना कोरड्या स्टुडिओत विशेष सांगाड्यांवर अधांतरी ठेवून चित्रण झाले. पाणी व त्यात तरंगणारे केस नंतर संगणकाच्या साहाय्याने निर्माण करण्यात आले. पूर्वी जो समुद्र टाळावा लागत असे, तोच आता चित्रपटाचे मुख्य आकर्षण ठरला.

भारतात हा चित्रपट १४ डिसेंबर २०१८ रोजी, अमेरिकेच्या एक आठवडा आधी, इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत प्रदर्शित झाला. जगभरात त्याने ११० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. डीसी कॉमिक्सच्या पात्रांवर आधारित कोणत्याही चित्रपटास तोपर्यंत एवढे उत्पन्न मिळाले नव्हते. सुपरमॅन आणि बॅटमॅनचे चित्रपटही त्यामागे राहिले.

या यशात तंत्राइतकाच कथेचाही वाटा आहे. पॅट्रिक विल्सन यांनी साकारलेला ऑर्म हा खलनायक असला तरी जमिनीवरील लोक समुद्रात घाण टाकतात, ही त्याची तक्रार खरी आहे. प्रचंड लाटांद्वारे तो युद्धनौका आणि कचरा किनाऱ्यावर परत फेकतो. दोन्ही बाजूंचे रक्त अंगात असलेल्या आर्थरला म्हणूनच केवळ युद्ध जिंकून चालत नाही. दोन्ही जगांमध्ये समेट घडवावा लागतो.

डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या 'अ‍ॅक्वामॅन अँड द लॉस्ट किंगडम' या दुसऱ्या भागात ब्लॅक मँटाच्या कारवायांमुळे पृथ्वीचे तापमान वाढू लागते आणि त्यास रोखण्यासाठी दोघे भाऊ एकत्र येतात. या चित्रपटास सुमारे ४४ कोटी डॉलर इतकेच उत्पन्न मिळाले. २०१३ पासून सुरू असलेली डीसीची चित्रपटमालिका त्यासोबतच संपुष्टात आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मोमोआ यांची लोबो या डीसीच्याच दुसऱ्या पात्रासाठी निवड जाहीर झाली.

दुसऱ्या भागाच्या अखेरीस अटलांटिस आपले अस्तित्व जगासमोर उघड करते आणि आर्थर दोन्ही जगांना सहकार्याचे आवाहन करतो. एकेकाळी ज्याच्यासाठी कथेत पाणी शोधावे लागे, तो नायक अखेर त्याच पाण्याची बाजू मांडण्यासाठी जमिनीवर उभा राहिला. १९५९ मध्ये दीपगृहातील त्या कुटुंबापासून आरंभलेली कथा अशा प्रकारे आपल्या स्वाभाविक शेवटास पोहोचली.