इंडेक्स ठेवावा की काढावा? डेटाबेसमधील एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ ग्रंथाच्या शेवटी सूची असली की हवे ते पान चटकन सापडते. परंतु मजकुरात भर पडली की सूचीही दुरुस्त करावी लागते. डेटाबेसमधील इंडेक्सचेही तसेच आहे. म्हणूनच तक्त्यावर कोणते इंडेक्स ठेवावेत, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ जिवंत आहे.

२/ १९६०च्या दशकात हा निर्णय फिरवणे सोपे नव्हते. चार्ल्स बाखमन यांच्या 'आयडीएस' प्रणालीत इंडेक्स नोंदींच्या साखळ्यांच्या रूपात असत आणि प्रोग्राममध्ये त्यांचा नावाने उल्लेख करावा लागे. साखळी काढली, की प्रोग्राम बिघडे.

३/ जून १९७० मध्ये आयबीएमचे एडगर कॉड यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके या परावलंबनावर बोट ठेवले. त्यांच्या मते माहितीच्या दृष्टीने इंडेक्स ही अतिरिक्त गोष्ट होय: तिने शोध वेगवान होतो, पण नोंदी घालणे व वगळणे मंदावते. इंडेक्स आले वा गेले, तरी प्रोग्राम अबाधित राहावा.

४/ आयबीएमच्या सॅन होजे येथील 'सिस्टिम आर' प्रकल्पाने हे प्रत्यक्षात आणले. काय हवे ते वापरकर्त्याने सांगावे. कोणता इंडेक्स वापरायचा, ते प्रणालीने खर्चाचा अंदाज बांधून ठरवावे. पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली.

५/ प्रोग्राम मुक्त झाला. निवडीचा भार मात्र माणसावर राहिला. डग्लस कोमर यांनी १९७८ मध्ये दाखवले, की सर्वोत्तम इंडेक्स निवडणे ही 'एनपी-पूर्ण' समस्या आहे. २० स्तंभांपैकी प्रत्येकावर इंडेक्स हवा की नको, एवढेच ठरवायचे म्हटले तरी १०,४८,५७६ पर्याय होतात!

६/ १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरजित चौधुरी व विवेक नरसय्या यांनी वेगळी वाट धरली. प्रत्यक्षात येणाऱ्या क्वेरी गोळा करायच्या आणि अमुक इंडेक्स असता तर किती खर्च आला असता, हे प्रणालीलाच विचारायचे.

७/ तरीही विवेक सुटत नाही. शहर आणि आडनाव या क्रमाने एक इंडेक्स असेल, तर केवळ शहराचा वेगळा इंडेक्स बहुधा अनावश्यक ठरतो. उलट, क्वचित वापरला जाणारा इंडेक्स वर्षअखेरच्या अहवालाचा आधार असू शकतो. एखादा कधीच शोधासाठी वापरला जात नाही, पण दुबार नोंदी रोखतो. तो काढला, तर वेग नव्हे, विश्वासार्हता जाते.

८/ कॉड यांनी इंडेक्स निर्धास्तपणे काढण्याची सोय दिली. कोणता काढावा, हे मात्र त्या तक्त्यावर रोज काय वाचले आणि काय लिहिले जाते, ते पाहूनच ठरते.