सशाची वाघर

गेल्या दिवाळीच्या आधी ढोकीतलं आमचं जुनं माळवदाचं घर पाडायचं ठरलं. मी आठवडाभर लवकर पुण्याहून आलो. दिवसा लॅपटॉपवर ऑफिसचं काम, संध्याकाळी सामान उपसणं. उतरंडीच्या मागे अंबाडीच्या सुताचं एक काळपट जाळं सापडलं. मला वाटलं, मासे धरायचं असेल.

आबा म्हणाले, "वाघर हाय ती. सशाची."

धनगर रात्री मेंढ्यांभोवती लावतात त्या जाळीलाही वाघरच म्हणतात. संस्कृतात 'वागुरा' म्हणजे शिकारीचं जाळं. एकच शब्द, मेंढरं राखायलाही आणि ससा धरायलाही.

शिकारीचा इतिहास म्हटलं की वाघ, बंदूक आणि पाय ठेवून उभा राहिलेला राजा आठवतो. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि सहावा निजाम महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. पण गावाच्या पोटात गेलेली शिकार ससा, तितर, लाव्हा अशीच असायची. तिचे फोटो नाहीत. माणसं मात्र आहेत, म्हणून मी आबांना बोलतं केलं.

आपल्या माळावरचा ससा बिळात राहत नाही. दिवसा तो गवतात अंगापुरती खळगी करून बसतो, रात्री चरतो. त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा असतो. मागचे पाय लांब असल्यामुळे चढावर तो कुणाला सापडत नाही. म्हणून हाका नेहमी उताराकडे. खाली झुडपांच्या ओळीत वाघर सैल लावायची, कारण ताणून बांधली तर ससा धडकून उलटा फिरतो. सैल जाळ्यात तो स्वतःच गुरफटतो.

पुढचं कामही घाईचं. आमच्याकडच्या उन्हात मांस लवकर खराब होतं, म्हणून पोट जागेवरच साफ करायचं. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, नाहीतर सगळं कडू. नडगीपाशी चीर दिली की कातडं पायमोज्यासारखं उलटं निघतं. हात ओले ठेवायचे, म्हणजे केस मांसाला चिकटत नाहीत. सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. आजी ते हळद-मीठ लावून मंद जाळावर बराच वेळ शिजवायची. मग करडईचं तेल, भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला आणि रस्सा दाट व्हायला येसर. सोबत ज्वारीची भाकरी.

हे ज्ञान किती जुनं असेल? आमच्या भागावर एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं. त्यांची राजधानी म्हणजे आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात शिकारीवर प्रकरण आहे आणि स्वयंपाकावरही. शेतातले उंदीर गरम तेलात टाकून केस कसे काढायचे, इथपर्यंत त्यात आहे. राजाने लिहिलं म्हणून ते पाकशास्त्र झालं. आजीला ते तोंडपाठ होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

मी आबांना विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पारध्यानं."

फासेपारधी हे नावच फासावरून आलं. त्यांच्यातलेच चित्तेपारधी राजांसाठी चित्ते माणसाळवायचे. कोल्हापूरची चित्त्यांकडून होणारी शिकार तर गाजलेली. हरणावर चित्ता राजासाठी सोडला तर ती कला होती. स्वतःच्या पोटासाठी फास लावला तर संशय होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश मुलखात अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्यात आले. रोज हजेरी लागायची, परवानगीशिवाय गाव सोडता यायचं नाही. शेजारच्या सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हजेरी बंद केली आणि पारध्यांना नोकऱ्या दिल्या. बाकीच्यांना ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी कायदा गेला. संशय राहिला.

मग आलं १९७२. पाऊस गेला, विहिरी आटल्या. आबा तेव्हा वीस वर्षांचे. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची, रेशनवर परदेशी लाल मिलो खायचा. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात ससा 'लहान शिकारी'च्या यादीत होता, म्हणजे परवाना घेऊन मारता येत होता. खडी फोडणाऱ्याकडे परवाना कुठून येणार? १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची ती वाटही बंद झाली. आज ससा मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हा कायदा योग्य वाटतो. माळ राहिला कुठे? साखर कारखाना आला, पाणी आलं, उताराचा ऊस झाला.

"त्या सालात आमी दोघं रात्री माळावर असायचो," आबा म्हणाले. "वाघर माझी, इद्या त्याची. ज्याची वाघर त्याला एक वाटा, हाकणाऱ्याला एक. तिथंच तीन दगडांवर शिजवायचं. एकाच भांड्यात."

एका रात्री शेजारच्या गावात धान्याची चोरी झाली. सकाळी माणसं आली आणि सगळ्यात आधी त्याला घेऊन गेली. त्या रात्री तो पहाटेपर्यंत आबांसोबत होता.

"तुम्ही सांगितलं नाही?"

"काय सांगू? शिकारीला गेलतो म्हून? पारध्याबरूबर एका भांड्यात जेवलो म्हून? माझा बाप जित्ता होता, गाव होतं." आबा जाळ्याच्या गाठी चाचपत होते. "चार महिन्यांनी सुटला. आला तवा लंगडत होता. मला काय बोलला न्हाई. मीबी पुन्ना वाघर काढली न्हाई."

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी चूक सापडली की ती कोणत्या दिवशी, कोणत्या ओळीत शिरली हे आम्ही मागे जाऊन शोधतो. इथे ओळ १८७१ ची आहे, पण ती १९७२ नंतरही चालू राहिली, कारण आबांसारख्या भल्या माणसांनी तोंड उघडलं नाही. कायदा रद्द करायला संसद पुरते. संशय रद्द करायला शेजाऱ्याने साक्ष द्यावी लागते.

तो माणूस आता नाही. त्याची नातवंडं जवळच्याच एका पारधी पिढीवर राहतात. त्यातला एक माझ्याच वयाचा आहे, ऊसतोडीला जातो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आबांना मोटरसायलकलवरून तिकडे घेऊन गेलो. आबांनी वाघर सोबत घेतली नाही. "ती दिली तर त्याच्यावरच आळ यायचा," म्हणाले.

बाजेवर बसून त्यांनी त्या रात्रीची सगळी हकिकत सांगितली, पहिल्यापासून. नातू ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "आमच्या आज्ज्यानं सांगितलं होतं, कुणीतरी सोबत होतं म्हून. घरात कुणाला खरं वाटलं नव्हतं."

परतताना अंधार पडला होता. तेरच्या रस्त्याला गाडीच्या उजेडात एक ससा आला, क्षणभर थांबला आणि उसात शिरला. आबा मागून काही बोलले नाहीत.