रोझमेरी तेल

रोझमेरी या सुगंधी झुडपाची पाने व फुलोऱ्यावर आलेले कोवळे शेंडे यांपासून मिळणारे बाष्पनशील तेल. ते पातळ, रंगहीन ते फिकट पिवळे असते. त्याचा वास तीव्र असून त्यात कापराची आणि निलगिरी तेलाची छटा असते. अत्तरे, साबण, केशतेले, स्नायू-सांध्यांवर चोळायची मलमे व खाद्यपदार्थांचा स्वाद यांसाठी ते वापरतात. भारतात हे झुडूप मुख्यतः थंड डोंगराळ भागात लावले जाते. तमिळनाडूतील निलगिरी जिल्हा हे त्याचे एक प्रमुख ठिकाण असून चेन्नईतील टी. नगरसारख्या पेठांत त्याची सुकी पाने व तेल दोन्ही विकले जातात.

वनस्पती : रोझमेरी ही तुळशीच्या कुलातील (लॅमिएसी) आणि मूळची भूमध्य समुद्राकाठची. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिला रोस्मारिनस ऑफिसिनॅलिस हे नाव दिले. पुढे आनुवंशिक अभ्यासांतून तिचे साल्व्हिया प्रजातीशी असलेले जवळचे नाते स्पष्ट झाले आणि २०१७ पासून साल्व्हिया रोस्मारिनस हे नाव रूढ होत गेले. झुडूप सदाहरित, साधारण १ ते २ मी. उंच असते. पाने सुईसारखी अरुंद, कडा खाली वळलेल्या आणि खालची बाजू पांढुरकी, लवदार. फुले निळसर. तेल पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते, म्हणून पान नुसते चोळले तरी वास दरवळतो.

निर्मिती : पाने व शेंडे बंद पात्रात भरून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल बाहेर पडते. ही मिश्र वाफ थंड केली की तेल पाण्यावर तरंगते व वेगळे काढता येते. खाली उरते ते सुगंधी जल. युरोपीय औषधिकोशानुसार एक किलो सुक्या पानांत किमान १२ मिलि. तेल असावे लागते.

घटक व गुणधर्म : सापेक्ष घनता ०.८९५ ते ०.९२०, प्रणमनांक १.४६४ ते १.४७३. तेल पाण्यात विरघळत नाही, अल्कोहॉलमध्ये व वनस्पतिजन्य तेलांत मिसळते. १,८-सिनिओल, आल्फा-पायनीन व कापूर हे मुख्य घटक. त्यांच्या जोडीला कॅम्फीन, बोर्निओल, बोर्निल ॲसिटेट व व्हर्बेनोन असतात. त्यांचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नसते. औषधिकोशात दोन प्रकार दिले आहेत. मोरोक्को-ट्युनिशिया प्रकारात सिनिओल ३८ ते ५५ टक्के व कापूर ५ ते १५ टक्के असतो, तर स्पॅनिश प्रकारात सिनिओल १६ ते २५ टक्के व कापूर १३ ते २१ टक्के. कॉर्सिकातील तेल व्हर्बेनोनसाठी ओळखले जाते. म्हणून या तेलाचे गुण सांगताना ते कोणत्या प्रकारचे, हे आधी विचारावे लागते. कापूर जास्त असलेले तेल आणि सिनिओल जास्त असलेले तेल ही व्यवहारात दोन वेगळी द्रव्ये आहेत.

रोझमेरीतील प्रसिद्ध प्रतिऑक्सिडीकारके, म्हणजे रोस्मारिनिक अम्ल व कार्नोसिक अम्ल, वाफेबरोबर येत नाहीत. ती पानांच्या अर्कात असतात. खाद्यतेल व मांस खवट होऊ नये म्हणून वापरतात तो हा अर्क. पानांच्या अर्काचे गुण बाष्पनशील तेलाच्या बाटलीवर छापणे हे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते.

उपयोग : (१) सुगंध : अल्कोहॉलवर आधारलेल्या युरोपातील जुन्या अत्तरांपैकी ‘हंगेरी वॉटर’मध्ये रोझमेरी हा प्रमुख घटक होता. कोलोन प्रकारच्या अत्तरांतही लिंबूवर्गीय तेलांच्या जोडीने ती वापरतात.

(२) औषधी : युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधी समितीने स्नायू व सांध्यांच्या किरकोळ दुखण्यावर बाहेरून लावण्यासाठी या तेलाच्या वापराला पारंपरिक उपयोग म्हणून मान्यता दिली आहे. ही मान्यता दीर्घकालीन वापराच्या आधारे दिलेली आहे, रुग्णचाचण्यांच्या आधारे नव्हे.

(३) केस : आजची मागणी मुख्यतः यासाठीच आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे झालेल्या व १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चाई पडलेल्या रुग्णांना थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर व सीडारवुड यांचे मिश्रण सात महिने चोळायला दिले. ४३ पैकी १९ जणांत सुधारणा दिसली, नुसते वाहक तेल लावणाऱ्या ४१ जणांपैकी ६ जणांत दिसली. मात्र श्रेय एकट्या रोझमेरीला देता येत नाही. इराणमध्ये २०१५ च्या चाचणीत पुरुषी टक्कल पडत असलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना रोझमेरी तेल व निम्म्यांना २ टक्के मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरील औषध दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केसांची संख्या वाढली होती आणि दोहोंत लक्षणीय फरक नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत वाढ दिसली नव्हती आणि निष्क्रिय तेल लावणारा तिसरा गट नव्हता. पुरावा आशादायक आहे, पण निर्णायक नाही. पंधरा दिवसांत केस उगवण्याचे आश्वासन तर या दोन्ही चाचण्यांत कुठेच बसत नाही.

(४) स्मरण व एकाग्रता : ब्रिटनमधील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात या वासाचा बौद्धिक कामांवरील परिणाम तपासला गेला. २०१२ च्या छोट्या प्रयोगात रक्तातील सिनिओलचे प्रमाण व कामगिरी यांचा संबंध आढळला. स्मृतिभ्रंशावर उपचार म्हणून त्याकडे पाहता येत नाही.

भारतातील लागवड व बाजार : रोझमेरीला थंड, कोरडी हवा आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. लागवड बहुधा छाटकलमांनी करतात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या उटी येथील केंद्राने ‘उटी (आरएम) १’ हा वाण दिला आहे. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था आणि तिचे बंगळूर केंद्रही या पिकावर काम करतात. उटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मी. उंच आहे, तर चेन्नई किनाऱ्यावरचे दमट, उष्ण शहर. तिथे हे झुडूप जोमाने वाढत नाही, म्हणून तिथला ग्राहक पूर्णपणे बाहेरून येणाऱ्या मालावर अवलंबून असतो.

रंगनाथन स्ट्रीट, उस्मान रोड व पाँडी बाजार यांमुळे टी. नगर (त्यागराय नगर) ही वसाहत देशातील गजबजलेल्या पेठांत गणली जाते. अशा बाजारात रोझमेरीच्या नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात : वाफेने काढलेले शुद्ध तेल, खोबरेलात पाने मुरवून केलेले केशतेल आणि उकळून पाणी करण्यासाठी सुकी पाने. पहिली वस्तू थेंबांनी मोजायची, दुसरी तशीच लावायची. या दोहोंत गल्लत झाली की त्वचेला इजा होते.

दक्षता : शुद्ध तेल त्वचेवर थेट लावू नये. १०० मिलि. खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १ ते २ मिलि. मिसळणे पुरेसे असते. आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. डोळ्यांजवळ लावू नये, घरच्या घरी पोटात घेऊ नये. कापरामुळे आकडी येण्याचा धोका असल्याने अपस्माराच्या रुग्णांनी ते टाळावे. लहान मुलांना लावू नये आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. तेल ज्वलनशील आहे. हवा व उजेड लागून त्यातील घटकांचे ऑक्सिडीकरण होते आणि असे जुने तेल त्वचेला अधिक झोंबते. गडद काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, समई-निरांजनापासून दूर, थंड जागी ते ठेवावे.

विकत घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तेलाचा प्रकार, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत पाहून घ्यावी. ज्या बाटलीवर ही माहिती नाही, ती घेऊ नये.